घाबरण्यासारखे काही नसताना

छातीत धस्स होणे, अंगावर काटा येणे, पांढरेफटक पडणे, तोंडचे पाणी पळणे, दरदरून घाम फुटणे, हातपाय लटपटणे. मराठीच्या तासाला हे सारे वाक्प्रचार म्हणून येतात आणि मुले त्यांचा वाक्यात उपयोग करून मोकळी होतात. विज्ञानाच्या शिक्षकाने ही यादी एकदा वेगळ्या नजरेने पाहावी. भीतीच्या क्षणी शरीरात काय काय घडते याचे ते अगदी नेमके वर्णन आहे. हृदय जोराने आणि भराभर धडधडू लागते. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा पांढरा पडतो. केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आखडतात म्हणून काटा येतो. लाळ आटते, घामाच्या ग्रंथी कामाला लागतात, स्नायूंना कंप सुटतो. वाटेत साप आडवा आला की हे सगळे क्षणात घडते, आणि साप निघून गेला की थोड्या वेळाने आपण पुन्हा पूर्वीसारखे होतो.

आता अशी कल्पना करा, की साप नाही, भांडण नाही, परीक्षा नाही. एखादी बाई घरात भाजी निवडत बसली आहे. खाली पडलेली जुडी उचलायला ती वाकते आणि वर सांगितलेले सगळे तिला एकदम होते. डोके फुटेल असे दुखते, छाती धडधडते, कपडे घामाने भिजतात, चेहरा पांढरा पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी सगळे ओसरते. चार दिवसांनी पुन्हा तेच. तपासणीला जावे तर त्या वेळी रक्तदाब ठीक, नाडी ठीक. घरचे म्हणतात, 'मनाला लावून घेतेस.' शेजारी म्हणतात, 'बाहेरचे काही असेल.' असे म्हणण्यात वर्षे निघून जातात.

अशा झटक्यांची कारणे अनेक असतात आणि त्यांतली बहुतेक साधी असतात. पण त्यांतले एक कारण दुर्मिळ असूनही समजून घेण्यासारखे आहे. ते वेळेवर ओळखले तर रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. ओळखले नाही, तर दुसऱ्याच कुठल्या किरकोळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर जीव जाऊ शकतो. हे कारण म्हणजे अधिवृक्क ग्रंथीत झालेली एक गाठ.

एका टोपीत दोन ग्रंथी

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. इंग्रजीतून आलेले तिचे नाव अ‍ॅड्रेनल. एका ग्रंथीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम. आंब्याला जशी साल आणि कोय, तसे या ग्रंथीचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग बाह्यक आणि आतला गाभा. हे दोन भाग एकत्र नांदत असले तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. गर्भात बाह्यक तयार होतो तो एका प्रकारच्या ऊतीपासून, आणि गाभा तयार होतो तो चेतासंस्था जिच्यापासून घडते त्या ऊतीपासून. म्हणजे गाभा हा एका अर्थी चेतासंस्थेचाच ग्रंथीत येऊन राहिलेला भाऊबंद आहे.

बाह्यकात कॉर्टिसॉल, आल्डोस्टेरोन यांसारखी संप्रेरके तयार होतात. गाभ्यात तयार होते अ‍ॅड्रेनॅलिन आणि थोडे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. यांचा कच्चा माल म्हणजे टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल. डाळी-उसळींतल्या प्रथिनांतून ते आपल्याला रोज मिळते. टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, त्यापासून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनॅलिन अशी ही साखळी आहे. शेवटची पायरी पार पाडणाऱ्या विकराला कॉर्टिसॉलची गरज लागते, आणि बाह्यकातून गाभ्याकडे वाहणाऱ्या रक्तातून ते त्याला भरपूर मिळते. दोन वेगळ्या कुळांच्या ऊती एकाच टोपीत का राहतात, याचे हे एक उत्तर.

तयार झालेले अ‍ॅड्रेनॅलिन गाभ्याच्या पेशींत बारीक बारीक पिशव्यांमध्ये साठवून ठेवलेले असते. ते बाहेर केव्हा सोडायचे, हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे आलेली चेता गाभ्यातल्या पेशींपर्यंत पोचलेली असते. तिच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटले की पिशव्या फुटतात आणि अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते. हुकूम थांबला की स्राव थांबतो. रक्तात उतरलेले अ‍ॅड्रेनॅलिनही फार टिकत नाही. काही मिनिटांतच त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. साप गेल्यावर आपण लवकर सावरतो ते यामुळेच.

या साऱ्या रचनेतली मुख्य गोष्ट अशी, की अ‍ॅड्रेनॅलिन हे प्रखर रसायन असले तरी ते ताब्यात असते. सोडणारा हुकूम वेगळा, साठवण वेगळी आणि आवरून टाकणारी यंत्रणाही वेगळी. रोग सुरू होतो तो हा ताबा सुटल्यावर.

फ्रायबुर्गची नोंद

१८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथील फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरांनी एका १८ वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला अधूनमधून छातीत धडधड, डोकेदुखी, ओकारी यांचे झटके येत. झटक्यात ती पांढरी पडे आणि तिची नाडी बोटाला टणक लागे. त्या काळी डॉक्टरांच्या हाती एवढेच होते, कारण दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोची यांचे साधन १८९६ साली, म्हणजे दहा वर्षांनी आले. अ‍ॅड्रेनॅलिनची तर कोणाला गंधवार्ताही नव्हती. मुलगी दगावली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी सापडल्या. क्रोमियमचे क्षार असलेल्या द्रावणात ठेवल्यावर त्या गाठींना तपकिरी रंग चढला. डॉक्टरांनी त्याचीही नोंद केली.

ग्रंथीतल्या रसायनाचा शोध लागायला आणखी काही वर्षे जावी लागली. इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४ च्या सुमारास अधिवृक्क ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला, तेव्हा रक्तदाब मोजणाऱ्या नळीतला पारा झपाट्याने वर चढला. पुढे न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहकारी केइझो उएनाका या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यातले मूळ द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवले. १९०१ साली ताकामिने यांनी ते अ‍ॅड्रेनॅलिन या नावाने जगापुढे ठेवले.

तपकिरी रंगाचे कोडेही मग सुटले. अ‍ॅड्रेनॅलिनच्या रेणूत कॅटेकॉल नावाची वलयाकार जोडणी असते. डायक्रोमेटसारख्या पदार्थाने तिचे ऑक्सिडीकरण झाले की तपकिरी रंगाची संयुगे तयार होतात. अशाच जोडणीचे पदार्थ वांग्यात असतात. चिरलेले वांगे हवेत काळे पडते ते त्यांच्या ऑक्सिडीकरणामुळेच. तेथे ऑक्सिजन हवेचा आणि मदतीला वांग्यातले विकर, एवढाच फरक. क्रोमियमचा रंग घेणाऱ्या या पेशींना 'क्रोमाफिन' म्हणजे क्रोमप्रेमी पेशी असे नाव पडले. लुडविग पिक यांनी १९१२ साली त्यांच्या गाठीला 'फिओक्रोमोसायटोमा' असे भारदस्त नाव दिले. ग्रीक भाषेतून घडवलेल्या त्या नावाचा अर्थ साधा आहे: काळसर रंग धरणाऱ्या पेशींची गाठ.

हुकुमाविना स्राव

ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. थोड्या रोग्यांत ती इतरत्र पसरते, पण बहुतेकांत ती जागच्या जागी राहते. मग ती जिवावर का उठते? ती आकाराने मोठी असते किंवा शेजारच्या अवयवांना दाबते म्हणून नव्हे. तिच्यातल्या पेशी अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतात, साठवतात, पण त्यांच्यापर्यंत हुकूम देणारी चेताच पोचलेली नसते. मेंदूने 'सोड' म्हणावे आणि 'थांब' म्हणावे असा दुवाच नाही. म्हणून मनावरचा ताण सहसा या झटक्यांना कारण होत नाही. कारण होते ते वाकणे, ओझे उचलणे, शौचाच्या वेळी कुंथणे, पोटावर दाब येणे, बाळंतपण, शस्त्रक्रियेतली हाताळणी. काही औषधांनीही स्राव सुटतो. ओकारी थांबवण्यासाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड त्यांपैकीच एक. मोठ्या मात्रेतली स्टेरॉइडेही त्यांत येतात. पुष्कळदा तर कोणतेच कारण सापडत नाही.

झटक्यात रक्तदाबाचे काय होते ते पाहू. नळीतून द्रव वाहताना होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असा एक नियम आहे. रक्त म्हणजे काही साधे पाणी नव्हे, पण अंदाजासाठी तो चालेल. बारीक रोहिण्यांची त्रिज्या १० टक्क्यांनी कमी झाली, तर ०.९ चा चौथा घात ०.६६ येतो, म्हणजे विरोध सुमारे दीडपट होतो. त्रिज्या २० टक्क्यांनी कमी झाली तर तो सुमारे अडीचपट होतो. वाहिनी किंचित आकसली तरी परिणाम मोठा होतो तो असा. त्यातच हृदय अधिक जोराने आणि अधिक वेगाने रक्त ढकलत असते. नेहमी १२० असणारा वरचा आकडा मग २०० च्याही पुढे जाऊ शकतो.

खऱ्या आणीबाणीत स्राव ओसरत नाही, वाढतच जातो. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इतक्या अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा सोसत नाही आणि तो दुबळा पडतो. फुप्फुसांत पाणी साचते. मूत्रपिंडे आणि यकृत एकामागून एक काम थांबवू लागतात. कधी कधी तर रक्तदाब वाढण्याऐवजी एकदम कोसळतो, आणि मग कारण अधिवृक्क ग्रंथीत आहे हे सुचणे आणखी अवघड होते. अशा वेळी अतिदक्षता विभागात शिरेवाटे औषधे देऊन आकसलेल्या वाहिन्या सैल करतात. शस्त्रक्रियेची घाई करीत नाहीत. आधी वादळ शमवायचे, मग गाठीकडे वळायचे.

औषधांचा क्रम चुकला तर

या रोगात नेहमीचे चांगले औषधही घात करू शकते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

अ‍ॅड्रेनॅलिन पेशीवर काम करते ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींमार्फत. ग्राही म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली. एकच किल्ली, पण कुलपे दोन प्रकारची असली पाहिजेत, असे अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. रोहिण्यांमधील अल्फा ग्राही उघडले की वाहिन्या आकसतात. हृदयातील बीटा ग्राही उघडले की ठोके वाढतात आणि जोर वाढतो. हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जाणाऱ्या वाहिन्यांतही बीटा ग्राही असतात. ते उघडले की मात्र त्या वाहिन्या रुंदावतात, कारण पळायचे किंवा लढायचे तर स्नायूंना रक्त हवे.

जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा कुलपे बंद करणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध शोधले. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत ते होते. हृदयविकार आणि रक्तदाब असलेल्या असंख्य लोकांना अशा बीटा-रोधक औषधांचा उपयोग झाला आहे. छाती धडधडते म्हणून आलेल्या रोग्याला डॉक्टरांनी बीटा-रोधक द्यावे, यात वरवर पाहता काहीच वावगे नाही.

पण रोग्याच्या पोटात ही गाठ असेल तर? स्नायूंच्या वाहिन्या रुंदावून रक्ताला जी थोडी वाट मिळत होती, ती आता बंद झाली. अल्फा कुलपे मात्र उघडीच आहेत, त्यामुळे आकुंचन चालूच आहे. शिवाय ज्या हृदयाला या वाढलेल्या विरोधाविरुद्ध रक्त ढकलायचे आहे, त्याचाच जोर आपण कमी केला. रक्तदाब उतरण्याऐवजी भडकू शकतो आणि हृदय हार खाऊ शकते. म्हणून या रोगात एक नियम पक्का आहे: आधी अल्फा-रोधक, मग गरज असेल तरच बीटा-रोधक. उलटा क्रम कधीही नाही.

शस्त्रक्रियेआधीची तयारीही अशीच विचारपूर्वक करावी लागते. फिनॉक्सिबेन्झामिन किंवा प्राझोसिनसारखे अल्फा-रोधक साधारण एक ते दोन आठवडे देतात. त्याबरोबर रोग्याला भरपूर पाणी पिण्यास आणि जेवणात मीठ वाढवण्यास सांगतात. रक्तदाबाच्या रोग्याला मीठ वाढवायला सांगणे ऐकून कोणीही चमकेल. पण कारण सरळ आहे. महिनोन् महिने आकसलेल्या वाहिन्यांमध्ये रक्ताला जागा कमी असते, म्हणून शरीराने रक्तातले पाणीही कमी केलेले असते. गाठ काढताच आकुंचन संपते, वाहिन्या सैल होतात आणि तेवढेच रक्त आता मोठ्या भांड्यात अपुरे पडते. क्षणापूर्वी चढलेला रक्तदाब क्षणात कोसळतो. हे टाळायचे तर भांडे हळूहळू मोठे करायचे आणि त्याबरोबर ते भरतही जायचे.

१९२६ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू यांनी आणि अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. मेयोंची रोगी एक तरुण नन होती. आपण नेमकी कसली गाठ काढतो आहोत हे दोघांनाही आधी ठाऊक नव्हते. रोग आधी ओळखून मग शस्त्रक्रिया झाल्याचे पहिले उदाहरण १९२९ चे, अमेरिकेतील बाल्टिमोर येथील. पुढची कित्येक वर्षे ही शस्त्रक्रिया फार धोक्याची मानली जाई. आज योग्य तयारीनंतर, अनुभवी हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण शंभरात दोन-तीनपेक्षा कमी आहे. भूलशास्त्र, शस्त्रकौशल्य, तपासण्या सगळेच सुधारले. पण क्रम समजणे आणि आधी भांडे भरणे यांचा वाटा त्यांत मोठा आहे.

माठाखालची ओल

झटके अधूनमधून येतात आणि अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात टिकत नाही. मग रोग पकडायचा कसा? झटका ओसरल्यावर घेतलेल्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन ठीकच आढळेल.

याचे उत्तर मिळाले ते ज्यूलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्या कामातून. अ‍ॅड्रेनॅलिनची विल्हेवाट लावणारे एक विकर त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शोधले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे चेतांचे रसायन आहे हे दाखवणारे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर आणि बर्नार्ड कॅट्झ यांच्याबरोबर त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विकराच्या कामातून जे पदार्थ तयार होतात त्यांना मेटानेफ्रिन म्हणतात. हे विकर गाठीच्या पेशींतही असते. पेशीतल्या पिशव्यांमधून अ‍ॅड्रेनॅलिन सतत थोडे थोडे पाझरत असते आणि पेशीतल्या पेशीतच त्याचे मेटानेफ्रिन होऊन ते रक्तात उतरत राहते, झटका असो वा नसो.

माठातून पाणी कोणी कधी ओतून घेतले हे आपल्याला पाहता आले नसेल, पण माठाखालची ओल मात्र कायम असते. म्हणून आता रक्तातले किंवा २४ तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन मोजतात. रक्त घ्यायचे तर रोग्याला आधी काही वेळ शांत पडून राहू देतात, कारण नुसत्या उभे राहण्यानेही आकडे थोडे वाढतात. ही तपासणी स्वच्छ निघाली तर गाठ नसल्याची बऱ्यापैकी खात्री देता येते. आकडे वाढलेले निघाले तरच सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठ शोधतात. अशी शंका असताना गाठीत सुई खुपसून तुकडा काढणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यानेच वादळ उठू शकते.

गाठ असूनही ती आयुष्यभर लपून राहू शकते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता, आणि अध्यक्षपदावर असताना १९५५ साली हृदयविकाराचा मोठा झटका आला. १९६९ साली त्यांच्या निधनानंतर शवविच्छेदनात डाव्या अधिवृक्क ग्रंथीत सुमारे दीड सेंटीमीटरची फिओक्रोमोसायटोमाची गाठ आढळली. त्यांच्या दुखण्यात तिचा वाटा किती होता, हे नंतर ठरवणे शक्य नव्हते. पण उत्तमोत्तम डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या माणसातही ती हयातीत ध्यानी आली नाही, एवढे खरे.

बाह्यकातली गाठ आणि झोपी गेलेली जोडीदार

ताबा सुटण्याची गोष्ट गाभ्यापुरतीच नाही. बाह्यकातही गाठी होतात आणि त्यांतल्या काही कॉर्टिसॉल बनवतात. तेथे आणीबाणी येते ती उलट्या दिशेने, आणि पुष्कळदा गाठ काढल्यानंतर.

कॉर्टिसॉलवर मेंदूतळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा ताबा असतो. रक्तात कॉर्टिसॉल कमी झाले की ती एसीटीएच हे संप्रेरक सोडून अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावते, आणि पुरेसे झाले की थांबते. टाकी भरली की तरंगत्या चेंडूने नळ बंद व्हावा तसे हे आहे. गाठ मात्र या हुकुमाची वाट न पाहता कॉर्टिसॉल ओततच राहते. टाकी सतत भरलेली पाहून पीयूषिका गप्प बसते. हुकूमच येत नाही म्हणून दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी काम सोडते आणि आक्रसते. शल्यविशारदाने गाठ काढली की एका दिवसात रक्तातले कॉर्टिसॉल घसरते, आणि ते भरून काढायला जागे कोणीच नसते. रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर घटते, ओकाऱ्या होतात, शुद्ध हरपते. म्हणून अशा रोग्याला शस्त्रक्रियेपासूनच बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन देतात. झोपलेली ग्रंथी जागी होईपर्यंत, म्हणजे काही महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे लागते.

हे ज्ञान गाठ नसलेल्यांच्याही उपयोगाचे आहे. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी जे लोक दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांच्या शरीरात हाच प्रकार होतो. तेथे गाठीची जागा गोळी घेते. बरे वाटले म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून त्या एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे. दुर्मिळ गाठीपेक्षा ही गोष्ट आपल्या ओळखीच्या घरांत घडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

किती दुर्मिळ?

पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार गाभ्याच्या गाठीचे नवे रोगी दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण दोन ते आठ आढळतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. हेच प्रमाण आपल्याकडे धरले तर त्या लोकसंख्येत वर्षाला सुमारे २२५ ते ९०० रोगी असावेत. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. दुर्मिळ या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होत नाही, हे त्यातून चांगले कळते.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगावी. धडधड झाली, डोके दुखले की ही गाठच असेल, असे मानणे चूक आहे. उच्च रक्तदाब असलेल्या हजार लोकांत ती फार तर पाच-सहा जणांत सापडते. डॉक्टरांशी बोलावे असे प्रसंग थोडे आहेत. डोकेदुखी, घाम आणि धडधड ही तिन्ही झटक्याने, एकत्र, वारंवार होत असतील. तरुण वयात रक्तदाब फार वाढला असेल. तीन औषधे घेऊनही तो आटोक्यात येत नसेल. भूल देताना तो एकदम भडकल्याचे पूर्वी घडले असेल. किंवा घरात कोणाला अशी गाठ झाली असेल. यांतला शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. या गाठीच्या दर तीन रोग्यांपैकी निदान एकात ती आनुवंशिक असते, म्हणून आता रोग्याची जनुकीय तपासणी सुचवतात. रोगी एक असला तरी तपासायचे ते कुटुंब.

वर्गात दोन सोपे प्रयोग करता येतील. पहिला नाडीचा. शांत बसून एका मिनिटाचे ठोके मोजायचे, दोन मिनिटे जागच्या जागी धावायचे, आणि नंतर लगेच, तीन मिनिटांनी व पाच मिनिटांनी पुन्हा मोजून आलेख काढायचा. यात संप्रेरकांपेक्षा चेतांचा वाटा मोठा असतो, पण चढण आणि उतरण दोन्ही दिसतात. उतरण म्हणजे ताबा, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. दुसरा वांग्याचा. एका फोडीला लिंबू चोळायचे, दुसरी तशीच ठेवायची. अर्ध्या तासाने रंगातला फरक पाहायचा आणि क्रोमाफिन पेशींची गोष्ट सांगायची.

गोष्ट सांगताना फ्रायबुर्गची ती मुलगी विसरू नये. तिला वाचवता येण्याजोगे काहीच तेव्हाच्या डॉक्टरांपाशी नव्हते. त्यांनी केले ते एवढेच, की जे दिसले ते नीट लिहून ठेवले: झटके कसे आले, नाडी कशी लागली, गाठी दोन्ही बाजूंना होत्या, रंग कोणता चढला. दोन्ही बाजूंना गाठी असणे हे आनुवंशिकतेचे लक्षण असू शकते, हे पुढे कळले. मग संशोधकांनी तिच्या घराण्याचा शोध घेतला. तिच्या हयात नातेवाइकांची जनुकीय तपासणी झाली आणि आरईटी नावाच्या जनुकातला बदल त्यांच्यात सापडला. या बदलामुळे अधिवृक्क ग्रंथीत आणि कंठस्थ ग्रंथीतही गाठी होतात. हे संशोधन २००७ साली, मूळ नोंदीनंतर १२१ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आपल्याला कसला धोका आहे हे ज्यांना आधी कळते, त्यांना वेळच्या वेळी तपासण्या आणि उपचार करून घेता येतात. त्या मुलीच्या वेळी ही सोय नव्हती. तिच्या नातेवाइकांना ती मिळाली.